ताटांतला भात व वाटींतलें तूप

शास्त्री व सोनवी या नद्यांच्या संगमावर वसलेलें संगमेश्वर काय किंवा तालुक्याचें ठाणें जें देवरुख तें काय, या बाजूस जेवण म्हणजे भात हें समीकरण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलें आहे. सकाळीं मऊ भात व मेतकूट अगर तांदळाची आंबोळी, दुपारीं आमटीभात व शेवटीं ताकभात, रात्रीं पुन्हा भातच. सणावारीं मोदक व घावन, तेही तांदळाचेच. डोंगरउतारावरील खाचरांनीं ही संवय लावली आणि दिवसभर चढउतार करणाऱ्या शरीरांनीं ती पचविली. आज भात तोच आहे. चढउतार मात्र पुष्कळांच्या नशिबीं राहिलेला नाहीं.

याचा परिणाम आतां घरोघरीं दिसूं लागला आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साह्यानें झालेल्या व २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज असा कीं, भारतांत १० कोटींहून अधिक लोकांस मधुमेह आहे. आमचा दक्षिणेकडील शेजारी जो गोवा, तेथें प्रौढांमध्यें हें प्रमाण शेंकडा २६ पर्यंत गेलेलें आढळलें. त्याच पाहणीच्या २०२५ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणें आपल्या देशांतील आहाराचे शेंकडा ६२ च्या आसपास उष्मांक पिष्टमय पदार्थांपासून येतात. तेव्हां डॉक्टरांनीं "भात कमी करा" असें सांगावें यांत नवल नाहीं.

परंतु भात कमी करा हें सांगणें सोपें. त्याची जागा कशानें भरावयाची हा प्रश्न चुलीपाशीं उभ्या असलेल्या गृहिणीपुढें येतो. येथें दोन प्रकारचे लोक आढळतात. कांहीं जण भाताबरोबर तेलतुपासही भितात. मग ताटांत उकडलेला दुधी व पातळ ताक एवढेंच उरतें आणि पंधरवड्याच्या आंत त्यांचा नेम मोडतो. दुसरे जण "पिष्ट सोडलें, आतां तूप कितीही चालेल" असें कोठें तरी ऐकून पळीपळीनें तूप ओतून घेतात. रक्तांतील साखर उतरते म्हणून ते खूष असतात. परंतु रक्तांतील कोलेस्टेरॉल मोजण्याची आठवण त्यांस होत नाहीं. या दोन टोकांच्या मधला मार्ग कोणता, एवढ्याच विषयाचा विचार आम्ही येथें करणार आहों. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनीं महाराष्ट्रांत सर्वतोमुखीं केलेली दोन वेळां जेवण्याची पद्धति आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. तींत किती वेळां जेवावें यावर मुख्य भर आहे. आमचा प्रश्न ताटांत काय वाढावें याचा आहे.

ही कल्पना नवी नव्हे

पिष्ट कमी करून शरीर हलकें करण्याचा विचार आजकालचा नाहीं. लंडन शहरांत अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा धंदा करणाऱ्या विल्यम बँटिंग नांवाच्या गृहस्थानें १८६३ सालीं स्वतःच्या स्थूलतेविषयीं एक छोटें पुस्तक प्रसिद्ध केलें आणि तें इतकें गाजलें कीं, त्याचें नांवच या पथ्यास पडलें. पाव, साखर, बटाटे व बिअर त्यानें सोडली ही गोष्ट सर्व सांगतात. पण त्यानें त्यांजबरोबर लोणीही सोडलें होतें, ही गोष्ट आज त्याचें नांव घेऊन लोण्याचे गोळे खाणारे सांगत नाहींत. १९२२ सालीं इन्सुलिन उपयोगांत येण्यापूर्वीं मधुमेह्यास पिष्टमय पदार्थ तोडणें हाच डॉक्टरांचा मुख्य आधार होता.

आपल्याकडील वैद्यकाचें मतही पाहण्याजोगें आहे. चरकसंहितेंत घृत, तैल, वसा व मज्जा असे चार स्नेह सांगितले असून घृतास त्यांत पहिला मान दिला आहे. पण त्याच ग्रंथांत प्रमेहाचीं कारणें सांगतांना बसून राहण्याचें सुख, झोंपेचें सुख, दहीं, नवें धान्य व गुळाचे पदार्थ यांची गणना केली आहे. आणि ज्यांचा कफ व मेद वाढला आहे त्यांस स्नेहन प्रशस्त नाहीं, असेंही म्हटलें आहे. तुपाची थोरवी सांगणारा ग्रंथच तें कोणास द्यावें व कोणास देऊं नये याचा विवेक करतो, हें तुपाच्या कैवाऱ्यांनीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

हिशेब असा मांडावा

आतां थोडें गणित करूं. शिजलेल्या भाताच्या एका मध्यम वाटींत, म्हणजे सुमारें १५० ग्रॅम भातांत, ४० ग्रॅमांहून थोडें अधिक पिष्ट व १९५ च्या आसपास उष्मांक असतात. दिवसाला चार वाट्या भात खाणाऱ्या गृहस्थानें तीन वाट्या सोडल्या म्हणजे सुमारें ५८५ उष्मांक कमी झाले. स्निग्ध पदार्थाच्या एका ग्रॅमांत ९ उष्मांक असतात, पिष्टाच्या एका ग्रॅमांत ४. तेव्हां ही सर्व तूट एकट्या तुपानें भरूं म्हटलें तर ६५ ग्रॅम, म्हणजे चहाचे चौदा चमचे तूप रोज लागेल. तितक्या तुपांत सुमारें ४० ग्रॅम संपृक्त स्निग्धाम्लें येतात. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं दिलेली मर्यादा अशी कीं, संपृक्त स्निग्धांश एकंदर उष्मांकांच्या दहाव्या हिश्शापेक्षां अधिक नसावा. २००० उष्मांकांच्या आहारांत हा आंकडा २२ ग्रॅम होतो. एकट्या तुपानेंच ही मर्यादा जवळजवळ दुप्पट ओलांडली जाते.

ज्यांस वजन उतरवावयाचें आहे त्यांनीं ही सर्व तूट भरून काढण्याचें कारणच नाहीं. निम्मी तशीच राहूं द्यावी. उरलेल्या निम्म्यांत पहिला हक्क प्रथिनांचा. उपरिनिर्दिष्ट पाहणीच्या संशोधकांनीं २०२२ सालीं जें गणित प्रसिद्ध केलें, त्यांत नव्यानें मधुमेह झालेल्यांसाठीं पिष्टमय पदार्थ शेंकडा ४९ ते ५४, प्रथिनें १९ ते २० व स्निग्ध पदार्थ २१ ते २६ असें प्रमाण सुचविलें आहे. म्हणजे भाताच्या जागीं प्रथम डाळी, उसळी, दहीं व पनीर यावयाचें; स्निग्ध पदार्थ त्यांच्या सोबतीनें यावयाचे.

"भातावर तूप घेतलें कीं भात बाधत नाहीं" ही समजूतही तपासून घ्यावी. तुपामुळें अन्न जठरांतून सावकाश पुढें सरकतें व साखर थोडी हळू चढते, हें खरें. परंतु भातांतील पिष्ट त्यामुळें कमी होत नाहीं. उलट उष्मांक मात्र वाढतात. भरपूर भात व भरपूर तूप हें खाचरांत राबणाऱ्याचें जेवण आहे. बैठ्या माणसानें दोहोंपैकीं एकाशींच सलगी ठेवावी.

कोणता स्नेह निवडावा

तूप : घरच्या तुपाचा वास, चव व त्यांतील अ जीवनसत्त्व यांची किंमत आम्ही जाणतों. बैठ्या मधुमेह्यानें दिवसाला चहाचे दोन चमचे ही मर्यादा ठेवावी. येथें एक गोष्ट सांगणें जरूर आहे. ज्या घरीं साय काढून तूप कढवितात, तेथें दुधांतील स्निग्धांश एकदांच मोजला जातो. सायीसकट दूध, सायीचें दहीं आणि वर विकतचें तूप असा प्रकार असेल तर तोच स्निग्धांश तीन वाटांनीं पोटांत जातो. चमचा म्हणजे चहाचा. आमटी वाढण्याची पळी ती पळीच.

खोबरें व खोबरेल : कोंकणांत नारळाविरुद्ध बोलणें धाडसाचें आहे, पण सत्य सांगितलें पाहिजे. खोबरेल तेलांत शेंकडा ९० च्या आसपास संपृक्त स्निग्धाम्लें असतात, म्हणजे तुपाहूनही अधिक. २०२० सालीं १६ प्रयोगांचा एकत्र विचार केला असतां, उष्ण प्रदेशाबाहेरील वनस्पतींच्या तेलांशीं तुलना करून पाहतां, खोबरेल तेलानें अपायकारक कोलेस्टेरॉल दर डेसिलिटरमागें सुमारें १० मिलिग्रॅम वाढलेलें दिसलें. "नारळाचें तेल शरीरांत सांठत नाहीं, लागलीच जळतें" असें जें सांगतात, तें निराळ्या रीतीनें तयार केलेल्या तेलावरील प्रयोगांच्या आधारें. खोबरेलांत मुख्यत्वें असणारें लॉरिक आम्ल बव्हंशीं इतर लांब स्निग्धाम्लांसारखेंच शोषलें जातें. मात्र ओला नारळ व तेल यांत अंतर आहे. ओल्या खोबऱ्याबरोबर चोथा येतो, चर्वण होतें व पोट भरतें. सुमारें २५ ग्रॅम ओल्या खोबऱ्यांत ८ ग्रॅम स्निग्धांश असतो. भाजीवर पेरावयास, चटणीस व अर्धी वाटी सोलकढीस तेवढें पुरतें. तेव्हां खोबरें ताटांत असावें, खोबरेल फोडणींत रोज नसावें.

शेंगदाणा व तीळ : नित्याच्या फोडणीस आम्ही यांस पसंती देतों. शेंगदाण्याच्या तेलांत सुमारें निम्मा भाग एकअसंपृक्त स्निग्धाम्लांचा असतो व संपृक्त भाग शेंकडा २० च्या आंतबाहेर. तिळाच्या तेलांत संपृक्त भाग त्याहूनही कमी. शिवाय त्यांत स्वभावतःच असणाऱ्या द्रव्यांमुळें तें लवकर बिघडत नाहीं. लांकडी घाण्याच्या तेलाचा वास चांगला, हें आम्हांस मान्य आहे; परंतु घाणा बदलल्यानें स्निग्धाम्लांचें प्रमाण बदलत नाहीं व उष्मांकही घटत नाहींत.

करडई, सूर्यफूल व जवस : करडई व साधें सूर्यफूल यांच्या तेलांत लिनोलिक आम्ल फार. कोलेस्टेरॉल उतरण्यास तें उपयोगी, पण तळणाच्या दीर्घ तापांत टिकत नाहीं. एक महिना शेंगदाणा, एक महिना करडई असा पालट करणें हा सोपा उपाय. मासे न खाणाऱ्या घरांतून ओमेगा-३ जातीचीं स्निग्धाम्लें जवळजवळ येतच नाहींत. त्यासाठीं भाजलेल्या जवसाची चटणी रोज एक चमचा घ्यावी. जवसाचें तेल मात्र तापवूं नये.

भिरंडेल : आमसुलासाठीं रातांबे फोडले म्हणजे उरणाऱ्या बियांपासून निघणारें हें तेल कोंकणचें खास. बिया वाळवून कुटतात, पाण्यांत उकळतात, वर तरंगणारा स्निग्धांश काढून घेतात व थिजला म्हणजे हातानें मळून त्याचे गोळे करतात. भेगाळलेल्या टांचांस लावण्यासाठीं तें घरोघरीं ओळखीचें आहे. त्यांत निम्म्याहून अधिक स्टिअरिक आम्ल असतें. हें संपृक्त असूनही कोलेस्टेरॉल वाढविण्याच्या बाबतींत आपल्या जातभाईंइतकें दुष्ट नाहीं. कधीं काळीं भाजींत घालण्यास हरकत नाहीं. पण तें औषध आहे अशा समजुतीनें पोटांत घेऊं नये.

वनस्पति : १९३७ सालीं डालडा बाजारांत आल्यापासून गरिबांचें तूप म्हणून याची ख्याति झाली. त्यांतील ट्रान्स जातीचीं स्निग्धाम्लें हृदयास अपायकारक ठरलीं. जानेवारी २०२२ पासून तेलांत व अशा पदार्थांत त्यांचें प्रमाण शेंकडा २ पेक्षां अधिक असूं नये असा आपल्याकडे कायदा आहे. तरीही खारी, बिस्किटें व मिठाई यांच्या वाटेनें अशीं कठीण केलेलीं तेलें घरांत येतात. पिष्ट कमी करणाऱ्यास हे पदार्थ दोन्ही अंगांनीं वर्ज्य.

काजूविषयीं दोन शब्द. आपल्या जिल्ह्याचें हें भूषण असलें तरी काजूगरांत शेंकडा ३० च्या आसपास पिष्टमय भाग असतो. पिष्टाचा हिशेब ठेवणाऱ्यानें सात-आठ गरांवर थांबावें. मूठभर खावयाचे असतील तर शेंगदाणे किंवा बदाम बरे.

वापरण्याची रीत

उत्तम तेलही वाईट रीतीनें वापरल्यास वाईट होतें. फोडणीचें तेल धुरावूं देऊं नये. मोहरी तडतडली कीं भाजी टाकावी. तळणाचें तेल पुनःपुन्हा तापविल्यानें त्यांत अपायकारक द्रव्यें तयार होतात. हॉटेलें व फरसाणवाले यांच्यासाठीं सरकारनें १ जुलै २०१८ पासून त्याची मर्यादा ठरवून दिली आहे. घरीं तशी मोजदाद करतां येत नाहीं; म्हणून तळण थोड्या तेलांत करावें, उरलेलें गाळून एकदोन दिवसांत फोडणीस संपवावें व ताज्या तेलांत मिसळूं नये.

त्याच वेळीं तेलाचा अगदींच दुरावाही नको. अ, ड, ई व के हीं जीवनसत्त्वें स्निग्धांशावांचून अंगीं लागत नाहींत. शेवग्याचा पाला, टाकळा, अळू या पालेभाज्या चमचाभर तेलाच्या फोडणीनें जितक्या उपयोगी पडतात, तितक्या नुसत्या उकडून पडत नाहींत.

आपल्या हवेचाही विचार केला पाहिजे. या जिल्ह्यांत वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. आषाढ-श्रावणांत सुकें खोबरें, तीळ व शेंगदाणे खवट होण्यास वेळ लागत नाहीं. पावसाळ्यांत एका महिन्यापुरतेंच तेल आणावें, घट्ट झांकणाच्या भांड्यांत अंधाऱ्या जागीं ठेवावें. बुरशी आलेले शेंगदाणे निवडून, भाजून खाण्याची काटकसर करूं नये. त्या बुरशीचें विष यकृतास बाधतें व भाजण्यानें तें पुरतें जात नाहीं.

एका दिवसाचें ताट

हें सर्व व्यवहारांत कसें आणावें याचा एक नमुना देतों. सकाळीं आंबोळीऐवजीं मुगाचें धिरडें व ओल्या खोबऱ्याची चटणी. दुपारीं अर्धी वाटी भात, वाटीभर घट्ट वरण, पावट्याची किंवा मुगाची उसळ, पडवळ-दोडक्यासारखी एक फळभाजी, एक पालेभाजी, काकडीची कोशिंबीर, ताक आणि भातावर एक चमचा तूप. संध्याकाळीं भाजलेले ४० ग्रॅम शेंगदाणे. रात्रीं भाताऐवजीं कुळथाचें पिठलें, नाचणीची एक लहान भाकरी, तिच्यावर दुसरा चमचा तूप, भाजी व साखर न घातलेली सोलकढी.

दिवसभरांत फोडणीचें तेल तीन चमचे, तूप दोन चमचे, ओलें खोबरें २५ ग्रॅम, शेंगदाणे ४० ग्रॅम व साय काढलेलें दूध, दहीं, ताक मिळून पाव लिटर, असा हिशेब धरला तर स्निग्धांश ५५ ग्रॅमांच्या आसपास होतो व संपृक्त भाग २२ ग्रॅमांच्या मर्यादेंत राहतो. घरांतील मुलांस व कष्ट करणाऱ्यांस याच स्वयंपाकावर नेहमींचा भात वाढावा. एकासाठीं निराळी चूल मांडण्याचें कारण पडत नाहीं, आणि ज्या पथ्यानें गृहिणीचें काम दुप्पट होतें तें पथ्य फार दिवस टिकत नाहीं.

उपवासाच्या दिवशीं विशेष जपावें लागतें. साबूदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. तुपांत परतून व दाण्याचा कूट घालून तो सौम्य होत नाहीं. त्याऐवजीं दाण्याची आमटी, लाल भोपळ्याची भाजी, काकडी व ताक यांनीं उपवासही पाळला जातो व पथ्यही.

कोणीं सावध राहावें

जो मधुमेही इन्सुलिन किंवा साखर उतरविण्याच्या गोळ्या घेतो, त्यानें डॉक्टरांस विचारल्यावांचून एकाएकीं भात सोडूं नये. अन्न कमी व औषध तेवढेंच, असें झालें तर साखर धोक्याइतकी उतरते. रात्रीं घाम फुटून भ्रम होण्याचे प्रसंग असेच येतात. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या वर्गांतील गोळ्या घेणाऱ्यांनीं तर पिष्ट अगदीं तोडूं नये. त्यांच्या रक्तांत आम्लता वाढून जिवावर बेतूं शकतें, आणि अशा वेळीं साखर फारशी चढलेली नसल्यामुळें दुखणें ध्यानांतही येत नाहीं. गर्भिणी, मूत्रपिंडाचे रोगी, स्वादुपिंडाचें दुखणें होऊन गेलेले व अगोदरच कृश असलेले वृद्ध यांनीं डॉक्टरांच्या देखरेखीवांचून असलें पथ्य करूं नये.

इतरांनींही आरंभापूर्वीं एकदां व तीन महिन्यांनीं पुन्हा एकदां साखरेबरोबर कोलेस्टेरॉलची तपासणी करून घ्यावी. तेंच पथ्य एकास मानवतें व दुसऱ्यास बाधतें. अपायकारक कोलेस्टेरॉल चढलेलें दिसल्यास प्रथम तूप व खोबरें निम्मे करावे, भात वाढवूं नये, आणि पुढील उपाय डॉक्टरांवर सोंपवावा.

संस्कृतांत तेलतुपास स्नेह म्हणतात आणि मायेसही स्नेहच म्हणतात. पंक्तींत आग्रहानें वाढलेली तुपाची धार ही मायेची खूण मानण्याची आपली चाल त्यांतूनच आली असावी. ज्याच्या प्रकृतीस ती धार सोसत नाहीं, त्याच्या पानाशीं हात आवरता घेणें हीही मायाच होय. भात बेतानें वाढावा, उसळ सढळ हातानें वाढावी आणि तूप चमच्यानें वाढावें. एवढें साधलें तरी घरांतील मधुमेह्याचें पुष्कळ हित होईल.